‘सिंथेटिक’ म्हणून घेतलेली वस्तू चामड्याची निघते तेव्हा: नव्या शाकाहारी ग्राहकासाठी पडताळणीची पद्धत

गळ्यात माळ घातली म्हणून, विपश्यनेच्या शिबिराहून परतल्यावर किंवा केवळ स्वतःच्या विचाराने ज्याने नुकताच मांसाहार सोडला आहे, त्याची नागपुरात जेवणापुरती फारशी अडवणूक होत नाही. सावजी भोजनालयातसुद्धा पाटोडी-रस्सा मिळतो आणि किराण्याच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून निर्धास्तपणे खरेदी करता येते. अडचण सुरू होते ती कमरेचा पट्टा, खिशातले पाकीट आणि पायातला बूट घेताना, कारण या वस्तूंवर हिरवा ठिपका नसतो आणि दुकानदाराच्या शब्दापलीकडे ग्राहकाच्या हाती काही नसते. सीताबर्डीच्या मेन रोडवरून ‘सिंथेटिक आहे’ असे सांगून मिळालेला पट्टा पाच-सहा महिन्यांनी कडेला झिजतो, वरचा रंग निघतो आणि आतून सुती दोरे दिसण्याऐवजी राखाडी, केसाळ, लुसलुशीत काहीतरी बाहेर येते. किंवा बूट वरून पूर्ण कृत्रिम असतो, पण त्याच्या टाचेचे अस्तर कातडीचे असते. ही तक्रार नव्या शाकाहारी मंडळींकडून इतक्या वेळा ऐकू येते की तिची कारणे आणि उपाय एकदा नीट मांडणे आवश्यक वाटते.

पहिले कारण असे की खरे चामडे ओळखण्याच्या ज्या युक्त्या सर्वत्र सांगितल्या जातात, त्या आपल्यासाठी तयारच झालेल्या नाहीत. त्या ज्याला चामडेच हवे आहे आणि आपल्या गळ्यात रेक्झिन मारले जाईल अशी ज्याला धास्ती आहे, त्या ग्राहकासाठी आहेत. त्याच्या दृष्टीने थोडासा संशय आला तरी वस्तू बाजूला ठेवणे पुरेसे असते. आपली धास्ती बरोबर उलट दिशेची आहे आणि म्हणून त्याच्या कसोट्या नुसत्या उलट्या फिरवून चालत नाहीत. पाण्याचा थेंब मुरला नाही, म्हणजे ते चामडे नव्हे, असा निष्कर्ष तो काढतो; परंतु वर प्लास्टिकचा पातळ थर दिलेल्या खऱ्या चामड्यातही थेंब मुरत नाही. पृष्ठभागावरची नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते म्हणून तो वस्तू नकली ठरवतो. परंतु हलक्या प्रतीच्या खऱ्या चामड्यावरसुद्धा तशीच नक्षी यंत्राने दाबून उठवलेली असते. वास प्लास्टिकसारखा येतो म्हणून तो नाक मुरडतो. परंतु रंगाचा आणि थराचा वास खालच्या कातडीच्या वासाला सहज झाकतो, आणि उलट बाजूने पाहिले तर रेक्झिनला चामड्याचा सुगंध फवारून विकण्याची चालही आहे. थोडक्यात, या कसोट्या ‘होय, हे चामडे आहे’ असे बऱ्यापैकी सांगू शकतात. ‘यात चामडे नाही’ अशी ग्वाही त्या देऊ शकत नाहीत. आपल्याला नेमकी तीच ग्वाही हवी असते.

दुसरे कारण दुकानातल्या संभाषणात आहे. ‘लेदर’ हा विक्रेत्याच्या तोंडी गुणवाचक शब्द झाला आहे; त्यामुळे ‘यात लेदर आहे का?’ असे विचारले की समोरच्याला ते हवेच आहे असे गृहीत धरून ‘एकदम ओरिजिनल आहे भाऊ, गॅरंटी’ असे उत्तर येते, मग वस्तू खरोखर रेक्झिनची का असेना. उलट ‘मला चामडे नको’ असे आधीच सांगितले की तीच वस्तू तत्काळ सिंथेटिक होते. आणखी एक उत्तर नागपुरात हमखास ऐकायला मिळते: ‘गाईचं नाही, म्हशीचं आहे.’ महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच, २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हणून विक्रेत्याला ग्राहकाचा प्रश्न गाईपुरताच असावा असे वाटते आणि तो आपल्या परीने प्रामाणिक खुलासा करतो. शाकाहारी माणसाला म्हैस काय आणि बकरा काय, सारखेच, हे त्याच्या लक्षात येत नाही. यावर उपाय सोपा आहे. आपल्याला काय हवे ते न सांगता, चेहऱ्यावर कोणताही भाव न दाखवता विचारावे: ‘याचा वरचा भाग कशाचा आहे, अस्तर कशाचे आहे, आतला तळ कशाचा आहे आणि सोल कशाचा आहे?’ प्रत्येक भागाचे वेगळे उत्तर घ्यावे लागले की विक्रेता एका शब्दात सुटू शकत नाही; ज्याला माहीत नसते तो तसे सांगतो, आणि तेही उपयोगाचेच असते.

खरा घोळ कुठे होतो

जनावराची कातडी ही कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची गुंतागुंतीची जाळी असते. वरच्या बाजूला, जिथे केसांची मुळे असतात, तिथे हे तंतू अतिशय बारीक आणि घट्ट असतात. मांसाच्या बाजूला जाऊ तसे ते जाड आणि सैल होत जातात. कमावलेली जाड कातडी यंत्रावर आडवी चिरून तिचे दोन किंवा अधिक थर काढतात. वरचा दाणेदार थर महाग विकला जातो. खालच्या थराला व्यापारात ‘स्प्लिट’ म्हणतात. त्यावर रंध्रे नसतात, नैसर्गिक पोत नसतो, म्हणून त्याला एक तर स्वेडसारखा केसाळ ठेवतात किंवा त्यावर पॉलियुरेथेनचा थर चिकटवून, नक्षी दाबून, वरच्या थरासारखे रूप देतात. सगळा घोळ या दुसऱ्या प्रकारात आहे. त्याला बोट लावले तर प्लास्टिक लागते, नखाने खरवडले तर प्लास्टिक निघते, नाकाला प्लास्टिकचाच वास येतो, आणि तरीही आत असते ती जनावराची कातडी. ‘पीयू लेदर’ हा शब्द बहुतेक वेळा कापडावर पॉलियुरेथेन चढवलेल्या मालासाठी वापरला जात असला तरी या पीयू चढवलेल्या स्प्लिटलाही कित्येक विक्रेते त्याच नावाने संबोधतात. त्यामुळे केवळ त्या शब्दावर विसंबून वस्तू घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच्या जोडीला ‘बाँडेड लेदर’ हा प्रकार लक्षात ठेवावा. चामड्याच्या कारखान्यातील कतरण दळून, त्यात चिकट द्रव्य मिसळून, लगद्यासारखे पसरवून त्याचे ताव तयार करतात आणि त्यावर प्लास्टिकचा थर देतात. डायऱ्या, स्वस्त पट्टे आणि सोफे यांत हा माल भरपूर असतो. यात चामड्याचा अंश कमी-अधिक असेल, पण तो असतो. उलट दिशेचा गोंधळ मायक्रोफायबरमुळे होतो. तो पूर्णतः कृत्रिम असतो, मात्र त्याच्या पाठीमागे विणलेले कापड न दिसता बारीक तंतूंची दाट गादी दिसते, आणि म्हणून जाणकारसुद्धा क्षणभर त्याला चामडे समजतात.

कड पाहणे

या साऱ्यातून मार्ग काढायचा तर पृष्ठभागाकडे पाहणे सोडून द्यावे आणि कापलेली कड पाहावी. पृष्ठभाग कोणालाही रंगवता येतो. कडेवरही रंगाचा जाड पट्टा फिरवलेला असतो हे खरे, परंतु प्रत्येक वस्तूत कुठे ना कुठे रंग न लावलेली कड सापडतेच: बकलजवळ दुमडलेल्या भागाच्या आत, पाकिटातील कार्डाच्या कप्प्याच्या तळाशी, बुटाच्या जिभेच्या टोकाला, पर्सच्या आतल्या चेनच्या शिवणीशी.

पट्ट्याच्या बाबतीत तर नशीबच आपल्या बाजूने असते. हल्लीच्या पुष्कळ पट्ट्यांचे बकल क्लिपचे असते आणि लांबी जास्त झाली की दुकानदार ते काढून, कमरेच्या मापाने जादा भाग कापून देतो. कापलेला तो दोन-तीन बोटे रुंदीचा तुकडा सहसा काउंटरखालच्या डब्यात जातो. तो मागून घ्यावा आणि पैसे देण्यापूर्वी तिथेच उजेडाकडे धरून पाहावा. (माप घेऊन कापायला लावल्यावर नकार देणे अवघड जाते, म्हणून ‘आधी टोकाकडून बोटभर कापून दाखवा’ असे आरंभीच सांगणे बरे.) ताज्या कापलेल्या त्या कडेवर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन चित्र मोठे केले की थर स्पष्ट दिसतात. वर चकचकीत पातळ पापुद्रा, त्याखाली आडव्या-उभ्या धाग्यांची वीण किंवा होजियरीसारखी जाळी आणि मध्ये कधी फेसासारखा छिद्रयुक्त थर दिसला, तर ते कापडावर चढवलेले रेक्झिन किंवा पीयू आहे. विणीचा मागमूस नसून एकमेकांत गुरफटलेले, लांबीने असमान, दिशाहीन तंतू दिसले आणि त्यांचा दाटपणा वरून खाली बदलत गेला, तर ती कातडी आहे. त्यातही एक खूण अशी आहे की जी एकदा पाहिली की विसरत नाही: आज बहुतांश चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते, त्या प्रक्रियेत कातडीला फिकट निळसर छटा येते आणि वरून दिलेला काळा किंवा तपकिरी रंग मध्यापर्यंत पोचला नाही, तर कापलेल्या कडेच्या मधोमध राखाडी-निळी रेघ दिसते. रेक्झिनमध्ये अशी रेघ सहसा नसते. मात्र रेघ दिसली नाही म्हणून चामडे नाही असे समजू नये, कारण आरपार रंगवलेले चामडेही असते आणि झाडाच्या सालीने कमावलेले चामडे आतून तपकिरी असते.

पट्टा दोन थरांचा असेल, तर दोन्ही थर वेगवेगळे पाहावेत. वरून रेक्झिन आणि खालून चामड्याची पट्टी, किंवा वरून चामडे, खालून रेक्झिन आणि मध्ये पुठ्ठ्यासारखे भरण, असे दोन्ही प्रकार बाजारात आहेत.

ज्यांना कड वाचता येत नाही त्यांनी चप्पल-बूट दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे ती वस्तू न्यावी. माझ्या पाहण्यात याहून चांगला परीक्षक नाही. नागपूरच्या महाल भागात बसणाऱ्या एका कारागिराने माझ्यासमोर एका पट्ट्याच्या टोकावरून रापी, म्हणजे चामडे तासण्याचे हत्यार, फिरवली. एका थराची पातळ, मऊ, सलग पापडी निघाली आणि दुसऱ्या थरातून पांढऱ्या धाग्यांची टोके बाहेर आली. ‘वरचं कातडं, खालचं कापड’ एवढेच बोलून त्याने पट्टा परत दिला. ज्याचे पोट चामड्यावर आहे त्याला आपण ‘यात चामडे नसावे’ म्हणून विचारायला जातो, तेव्हा बोलण्यात तिरस्काराचा सूर नसावा याची काळजी घ्यावी आणि त्याच्या वेळेचे पैसे न मागताही द्यावेत.

तंतू जाळून पाहणे

कड पाहूनही मायक्रोफायबर की स्प्लिट हे ठरत नसेल, तर शेवटचा निर्णय आगीवर सोडावा लागतो. ही चाचणी दुकानात करायची नाही आणि संपूर्ण वस्तूवर तर मुळीच नाही. कापलेल्या तुकड्याच्या आतल्या बाजूने चिमट्याने चार-सहा तंतू उपटावेत, वरचा प्लास्टिकचा थर त्यांत येऊ देऊ नये, आणि गच्चीवर किंवा अंगणात, चिमट्यातच धरून त्यांना काडीची ज्योत दाखवावी. कातडीचे तंतू आकसतात, करपतात, ज्योत दूर नेली की बहुधा विझतात आणि केस जळल्यासारखा वास येतो. उरलेली राख बोटांत चुरडली जाते. पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे तंतू वितळतात आणि त्यांचा कडक, काचेच्या मण्यासारखा गोळा होतो, जो चुरडत नाही. बाँडेड लेदरमध्ये दोन्ही लक्षणे मिसळून येतात; तसे झाले तर ती वस्तू चामड्याचीच धरावी.

वरचा थर जळू देऊ नये असे म्हणण्यामागे कारण आहे. पीव्हीसी हे प्लास्टिक जळाले की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, जो डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, आणि क्रोमियमने कमावलेल्या चामड्याचा मोठा तुकडा जाळणेही आरोग्याला बरे नाही. चार तंतूंपुरते काम भागत असताना तुकडाच्या तुकडा पेटवण्यात अर्थ नाही. उकळत्या पाण्यात टाकून पाहण्याची एक युक्तीही सांगितली जाते. सालीने कमावलेले चामडे त्यात आकसते हे खरे, परंतु क्रोमियमचे चांगले कमावलेले चामडे उकळते पाणी सहन करते, त्यामुळे ही युक्ती नेमकी सर्वाधिक प्रचलित मालाच्या बाबतीत निरुपयोगी ठरते.

घरातल्या जुन्या, सोलपटलेल्या वस्तू या अभ्यासासाठी फार उपयोगी आहेत. नागपूरचा ४५ अंशांचा मे महिना आणि त्यामागून येणारा दमट जुलै यांत पीयूचा थर टिकत नाही. ओलाव्याने त्याचे विघटन होते आणि तो पापुद्र्यांनी सुटतो. असा पापुद्रा सुटल्यावर खाली विणलेले कापड दिसले, तर वस्तू चामड्याची नव्हती. खाली केसाळ, निळसर-राखाडी थर दिसला, तर ते थर दिलेले स्प्लिट होते. आणि भुसभुशीत, जाड कागदासारखे काही दिसून ते नखाने भुग्यासारखे निघू लागले, तर ते बाँडेड. कपाटातल्या टाकाऊ पट्ट्या-पाकिटांवर हे तिन्ही प्रकार एकदा पाहिले की नव्या वस्तूची कड वाचणे पुष्कळ सोपे जाते.

वस्तूनुसार कुठे पाहावे

सर्वाधिक वेळ बुटावर द्यावा, कारण त्यात चार निरनिराळे भाग असतात आणि चौघांचे चार प्रकार असू शकतात. आतली गादी उचलता येत असेल तर उचलून तिची खालची बाजू पाहावी. लेस ओवायच्या छिद्रांजवळ आणि जिभेच्या टोकाला कच्ची कड मिळते. टाचेच्या आत जो मऊ, किंचित खरखरीत तुकडा असतो तिथे मुद्दाम बोट फिरवावे; बाकी सारा बूट कृत्रिम असूनही हा तुकडा कातडीचा असू शकतो, कारण तो टाच घसरू देत नाही. त्या अस्तरावर तीन-तीन बारीक छिद्रांचे त्रिकोणी पुंजके दिसले, तर ती डुकराची कातडी आहे. रंध्रांची अशी रचना हे तिचे वैशिष्ट्य आहे. स्पोर्ट्स शूजवर जाळीच्या कापडाला जोडलेले स्वेडचे तुकडे खरेही असतात आणि कृत्रिमही, त्यांची कड तपासल्याशिवाय सांगता येत नाही. चिकटवण्यासाठी पूर्वी वापरला जाणारा प्राणिज सरस आजच्या कारखानदारी बुटांत सहसा नसतो, तिथे कृत्रिम सोल्यूशन असते. त्याची चिंता मी करत नाही.

निर्यातीसाठी बनलेल्या किंवा परदेशी ब्रँडच्या बुटांत एक लहानसे लेबल असते आणि ते फार मोलाचे आहे. युरोपीय समुदायाच्या १९९४ च्या निर्देशानुसार बुटाचा वरचा भाग, अस्तर व आतला तळ, आणि बाहेरचा सोल या तिन्हींसाठी चिन्हे द्यावी लागतात. पसरलेल्या कातडीच्या आकाराचे चिन्ह म्हणजे चामडे. त्याच कातडीच्या आत पत्त्यांतल्या चौकटसारखा लहानसा आकार म्हणजे थर दिलेले चामडे, म्हणजे आपला तो घोळाचा प्रकार. जाळीसारखे चिन्ह म्हणजे कापड. आणि नुसता चौकटचा आकार म्हणजे रबर, प्लास्टिक इत्यादी अन्य पदार्थ. मात्र हे चिन्ह त्या भागात अधिक प्रमाणात असलेल्या पदार्थाचे असते. अस्तरापुढे जाळीचे चिन्ह असले तरी टाचेचा लहान तुकडा कातडीचा असू शकतो, म्हणून बोट फिरवणे टळत नाही. पेटीवर ‘नाप्पा’, ‘नुबक’, ‘स्वेड’, ‘पेटंट’ यांपैकी काही लिहिले असेल आणि त्याआधी ‘सिंथेटिक’ किंवा ‘फॉ’ (faux, म्हणजे नकली) असा शब्द नसेल, तर ती कातडीच समजावी. ‘सॅफियानो’ हे मात्र केवळ आडव्यातिडव्या रेघांच्या नक्षीचे नाव झाले आहे, त्यावरून आतल्या पदार्थाचा बोध होत नाही. ‘व्हेगन’ असा उल्लेख किंवा पेटा संस्थेचे ‘व्हेगन’ मान्यताचिन्ह असेल, तर काम सोपे होते.

सोफा घेताना गादीच्या खोळीची चेन उघडून कापडाची उलटी बाजू पाहावी आणि सोफा तिरपा करून तळाशी जिथे पिना मारलेल्या असतात तिथली कड पाहावी. बसण्याचा आणि टेकण्याचा भाग चामड्याचा, बाजू आणि पाठ रेक्झिनची, अशी विभागणी सर्रास असते. विक्रेता बाजूचा भाग दाखवून ‘पाहा, रेक्झिन आहे’ म्हणतो ते खोटे नसते, अर्धे असते. किंमत मोठी असेल आणि वाद उद्भवला असेल, तर चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेण्याचा पर्याय आहे, पण पाकिटासाठी कोणी तिथवर जाणार नाही. घड्याळाच्या पट्ट्याची आतली बाजू वाचावी, तिथे बहुधा शिक्का असतो. जीन्सच्या कमरेवरचा मागचा तुकडा कधी कातडीचा असतो, तर कधी जाड कागदाचा. दुसऱ्याची कड एकसारखी, तंतूविरहित दिसते.

कोल्हापुरी चपलेबाबत संदिग्धता कमी आहे. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी ही चामड्याचीच असते, झाडपाल्याच्या द्रव्यांनी कमावलेल्या चामड्याची. त्या घाटाची रेक्झिनची चप्पलही मिळते, परंतु तिच्यात पट्टे रेक्झिनचे आणि तळ चामड्याचा, अशी मिसळ आढळते, दोन्ही पाहावेत.

क्रिकेटचा लाल चेंडू, यष्टिरक्षकाचे हातमोजे, ढोलकी, तबला, पखवाज यांबद्दल ओळखण्याचा प्रश्न फारसा येत नाही. ती कातडी उघड दिसते. गळ्यात माळ असलेल्या वारकऱ्यांच्या भजनात जो पखवाज वाजतो, त्याची पुडी (वाजवायचा पडदा) बकऱ्याच्या कातडीची आणि ती ताणून धरणारी वादीही कातडीचीच असते, याकडे एखादा चिकित्सक नातेवाईक नव्या शाकाहाऱ्याचे लक्ष वेधतोच. कृत्रिम पुडीचे तबले आता मिळतात. रेघ कुठे ओढायची हे ज्याचे त्याने ठरवावे; मी येथे फक्त ओळखण्यापुरते लिहितो आहे.

‘हे मेलेल्या जनावराचे चामडे आहे, यात हिंसा नाही’ असा दावाही आपल्या भागात ऐकू येतो आणि त्याला इतिहास आहे. महात्मा गांधींनी मृत जनावरांच्या चामड्याचा पुरस्कार केला होता. १९३४ साली वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि वर्ध्याजवळच्या नालवाडीत त्याच विचाराने चर्मालय चालवले गेले. ज्याला हा मार्ग पटतो त्याने तो अवश्य स्वीकारावा. मात्र जनावर कापले की आपोआप मेले, हे घरच्या कोणत्याही चाचणीने चामड्यावरून सांगता येत नाही, त्यामुळे येथे विश्वास पुरवठादारावरच ठेवावा लागतो. दुकानात सहज फेकलेल्या ‘अहिंसक’ या शब्दाला, तो कोणाकडून आणला हे सांगितल्याशिवाय, मी किंमत देत नाही.

बिलाचा उपयोग

बिल तपासण्याची सवय मला वर सांगितलेल्या कितीतरी युक्त्यांपेक्षा अधिक उपयोगी वाटते. जीएसटीच्या छापील बिलावर मालाचा एचएसएन क्रमांक, म्हणजे कराच्या वर्गवारीचा क्रमांक, असतो. रबर, प्लास्टिक किंवा चामड्याच्या सोलवर वरचा भाग चामड्याचा असलेली पादत्राणे ६४०३ या शीर्षकाखाली येतात. वरचा भाग आणि सोल दोन्ही रबर किंवा प्लास्टिकचे असतील तर ६४०२, आणि वरचा भाग कापडाचा असेल तर ६४०४. हँडबॅगांना आणि पाकिटांना ४२०२ हा एकच चार अंकी क्रमांक असला तरी पुढचे दोन अंक बोलके असतात: ४२०२ २१ आणि ४२०२ ३१ यांत बाहेरची बाजू चामड्याची, तर ४२०२ २२ आणि ४२०२ ३२ यांत ती प्लास्टिकची किंवा कापडाची. चामड्याचे पट्टे ४२०३ मध्ये जातात. लहान दुकानदार हा क्रमांक छापतोच असे नाही, छापला तरी कधी सवयीने चुकीचा टाकतो, आणि अस्तराविषयी त्यातून काहीच कळत नाही. पण तोंडाने ‘सिंथेटिक’ आणि बिलावर ६४०३ अशी विसंगती दिसली, तर प्रश्न विचारायला आधार मिळतो. ऑनलाइन खरेदीत बिल कधीकधी माल हाती येण्याआधीच पाहता येते, तिथे तर ही सवय लावूनच घ्यावी.

क्रमांक नसेल, तर ‘नॉन-लेदर, अस्तरासह’ एवढे शब्द बिलावर हाताने लिहून घ्यावेत. प्रामाणिक विक्रेता ते लिहून देतो. जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून त्या दिवशी खरेदी न करणे चांगले. वस्तू घरी आल्यावर कातडीची निघाली, तर कापलेला तुकडा, कडेचा जवळून घेतलेला फोटो आणि बिल घेऊन प्रथम दुकानातच जावे, कारण बहुतेक प्रकरणे तिथेच बदलून मिटतात. न मिटल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते; वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर त्यासाठी शुल्क भरावे लागत नाही. जाळून पाहिलेले तंतू पुरावा म्हणून दाखवता येत नाहीत, त्यामुळे तुकड्याचा निम्मा भाग न जाळता पाकिटात घालून बिलाला टाचून ठेवावा.